बंदुकीचा गज

मी शाळेत उर्दू आणि मराठी हे दोन्ही विषय शिकवतो. दोन्ही भाषांत सापडणारे शब्द मुलांकडून गोळा करून घेणं हा माझा जुना उद्योग आहे. मध्यंतरी फळ्यावर 'गज' लिहिलं आणि अर्थ विचारले. एक जण म्हणाला हत्ती. एक मुलगी म्हणाली खिडकीचे गज. ज्याच्या अब्बांचं कापडाचं दुकान आहे तो म्हणाला, लांबी मोजायचा गज. मागच्या बाकावरून सारंगीचा गजही आला. मी म्हटलं, अजून एक राहिला. वर्ग गप्प.

राहिलेला गज म्हणजे ठासणीच्या बंदुकीची काठी. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी आत घातल्यावर ती तळापर्यंत ठासायची, आणि काम झाल्यावर फडकं लावून नळी आतून पुसायची, ती काठी. हत्तीचा 'गज' संस्कृतातला. मोजपट्टीचा, सारंगीचा आणि बंदुकीचा 'गज़' फारसीतून उर्दूत आला आणि तिथून मराठीतही रुळला. मुलांनी वहीत लिहून घेतलं, तास संपला. मी मात्र स्टाफरूममध्ये बराच वेळ उजव्या हाताचा अंगठा चोळत बसलो होतो. माझ्या अंगठ्याला काही झालेलं नाही. झालं होतं ते मामूंच्या.

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. मामूंकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर एकनळी ठासणीची बंदूक होती. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरायची. मामू माळ्यावर राखणीला बसायचे आणि बहुतेक वेळा हवेत बार काढून कळप पळवायचे. बंदुकीला ते जीव लावायचे. दस्त्याला तेल, घोड्याला तेल, वर जुन्या चादरीची खोळ. गज मात्र एकदा हरवला तेव्हा सुताराकडे दाराच्या कामातून उरलेली सागाची पट्टी होती, ती गोल तासून घेतली. दिसायला मूळच्या गजापेक्षा देखणी. दोन हंगाम टिकली. तिसऱ्या हंगामात बार भरताना ती मधोमध तिरकी तुटली. खालचा तुकडा नळीत उभाच राहिला, भाल्यासारखा टोकदार, आणि वरचा तुकडा धरलेला हात सगळ्या जोरानिशी त्यावर आदळला. अंगठ्याच्या मुळाशी लाकूड आरपार गेलं. जखम भरली, पण अंगठा पुन्हा पुरता मिटला नाही. भाताची पेंढी बांधायला, सदऱ्याचं बटण लावायला मामूंना शेवटपर्यंत दुसऱ्याचा हात लागला.

मामू म्हणायचे, अल्लाहची मर्जी. मुमानी चुलीपुढून म्हणायची, "मर्जी अल्लाहची, पण लाकूड सुताराचं."

मला मुमानीचं म्हणणं पटतं, आणि हा लेख त्याच्याच बाजूने आहे. माझं म्हणणं साधं आहे. ठासणीच्या बंदुकीत गज हा सगळ्यात स्वस्त भाग असतो, म्हणून आपण तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी विचार करून निवडतो. नळी किती वर्षं चालेल, नेम लागेल की नाही आणि भरणाऱ्याचा हात शाबूत राहील की नाही, या तिन्ही गोष्टी मात्र त्या काठीवर ठरतात.

एका मित्राने सांगितलं, "सर, बंदुकीवर लिहू नका. वरचं नाव बघून लोक काय अर्थ काढतील सांगता येत नाही." त्याची काळजी खोटी नाही. पण ज्या हत्याराचा परवाना सरकारनेच शेतकऱ्याला दिला आहे, त्याची निगा कशी राखावी हे लिहायलाही आपण कचरलो, तर कोयत्याला धार कशी लावावी हेही उद्या कोणी लिहिणार नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात, कलम १३ मध्ये, खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे जग काडतुसांच्या बंदुकांकडे कधीच गेलं, तरी आपल्या कायद्याने शेतकऱ्याच्या हातात मुख्यतः हीच जुनी बंदूक ठेवली. ती ठेवली, तर तिच्या गजाबद्दल बोलायला हवं.

गजाने इतिहासातही बरंच काही घडवलं आहे. युरोपात फार काळ गज लाकडाचे असत. लढाईच्या घाईत ते मोडत, आणि गज मोडलेला शिपाई म्हणजे हातात नुसती नळी धरलेला माणूस. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियाच्या सैन्यात लिओपोल्ड ऑफ अनहाल्ट-डेसाऊ या सेनानीने लोखंडी गजाचा आग्रह धरला. जोरात ठासता येऊ लागलं, मोडण्याची भीती गेली, बार भरण्याचा वेग वाढला. १७४१ साली मोलविट्झच्या लढाईत प्रशियाच्या पायदळाने ऑस्ट्रियाविरुद्ध जी झपाट्याची गोळीबारी केली, तिच्या कारणांत कवायतीबरोबर हा गजही मोजला जातो.

आणि १८५७. काडतुसाच्या चरबीची गोष्ट आपण दरवर्षी शिकवतो. गायीची, डुकराची, हिंदू शिपाई, मुसलमान शिपाई. पण एकदा एका मुलाने मला विचारलं, "सर, मुळात काडतुसाला चरबी लावायचीच कशाला?" पाठ्यपुस्तकात उत्तर नव्हतं. उत्तर गजापाशी आहे. शिपायांच्या हातात आधी जी ब्राऊन बेस बंदूक होती, तिची नळी आतून गुळगुळीत आणि सुमारे पाऊण इंच रुंद होती. गोळी तिच्यापेक्षा बरीच लहान असल्यामुळे सहज आत सरकत असे. १८५३च्या नमुन्याची एनफिल्ड ही रायफल होती. तिची नळी ०.५७७ इंचांची आणि आतून पिळाच्या खाचा पाडलेली. गोळी कागदासकट आत जायची आणि नळीशी बरीच लगत बसायची. काळ्या दारूचा एकेक बार उडाला की आत काजळीचा थर चढतो. त्या थरातून गोळी गजाने खाली नेण्यासाठी कागदाला वंगण हवं. ते कशाचं, याचा विचार करणाऱ्यांनी समोर कोण उभं आहे हे पाहिलं नाही. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. उठावानंतर हिंदी पलटणींसाठी पिळाच्या खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका बनवल्या गेल्या.

त्या मुलाला उत्तर देताना मला पहिल्यांदा कळलं की ठासणीच्या हत्याराचं सगळं शास्त्र एकाच प्रश्नाभोवती फिरतं. आतली वाट मोकळी आहे का? काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणात पावसाळ्यात बार काढून बंदूक तशीच खुंटीला टांगली, तर सकाळपर्यंत आत गंज धरू लागतो. गंजाने नळी खरखरीत होते. खरखरीत नळीत गज अडतो. अडलेल्या गजावर माणूस जास्त जोर लावतो, आणि जास्त जोराने गज मोडतो. मामूंच्या हाताची जखम सागाच्या पट्टीत जेवढी होती, तेवढीच आधीच्या हंगामात न पुसलेल्या नळीतही होती.

आता निवडीकडे येतो. ज्या देशांत ठासणीच्या रायफली आजही हौसेने आणि शिकारीसाठी वापरतात, तिथे यावर खूप अनुभव जमलेला आहे. अमेरिकेत तर १९३३पासून या रायफलींची राष्ट्रीय संघटना आहे, आणि इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप नावाच्या गावी तिचं नेमबाजीचं मैदान आहे. तिथला परंपरागत गज हिकरी या झाडाच्या लाकडाचा. हिकरी वाकते, पण सहसा मोडत नाही. मात्र तिथले जाणकार झाडाच्या नावापेक्षा रेषा आधी बघतात. लाकडाची रेष या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. म्हणून चांगला गज करवतीने कापत नाहीत, लाकूड रेषेवर फोडून मग तासतात. करवत रेष पाहत नाही. ती रेषेला छेद देते, आणि जिथे रेष कडेला बाहेर पडते तिथेच काठी तिरकी तुटते आणि भाला तयार होतो. मामूंची पट्टी सागाची होती हा तिचा निम्माच दोष. ती दाराच्या कामातली, करवतीची होती, हा उरलेला.

हिकरी आपल्याकडे नाही. पण सह्याद्रीत धामण आहे. साप नव्हे, झाड. धामणीचं लाकूड लवचीकपणासाठी नावाजलेलं आहे. कावडी, कुऱ्हाडीचे दांडे, धनुष्यं यांसाठी ते पूर्वापार वापरतात. लाकडाचाच गज हवा असेल तर सरळ रेषेची, फोडून तासलेली, नीट वाळलेली धामण मला सागापेक्षा हजार पटीने बरी वाटते. तीही दर हंगामाच्या आधी उजेडात धरून, वाकवून, चीर पडली आहे का हे बघायची. चीर दिसली की गज चुलीत. जपून वापरायचा नाही, चुलीतच घालायचा. बांबूचा गज मात्र नको. तो उभा चिरतो आणि पेरापाशी दगा देतो.

लाकूड सोडलं तर लोक सहसा हलकं म्हणून ॲल्युमिनियम आणि चिवट म्हणून फायबरग्लास निवडतात. दोन्हींना एक दोष आहे. ते मऊ असल्यामुळे वाळूचे, काजळीचे बारीक कण त्यांच्या अंगात रुततात. मग तो गज राहत नाही, पॉलिश पेपर होतो. दर खेपेला तो नळीचं तोंड घासतो. गोळी नळीतून सुटताना शेवटचा स्पर्श त्या तोंडाच्या कडेचा असतो. ती कड एका बाजूने झिजली की गोळी वाकडी जाते, विशेषतः रायफलीत, आणि माणूस दोष आपल्या डोळ्यांना देतो. कडक, गुळगुळीत स्टेनलेस स्टीलच्या गजात कण रुतत नाहीत. 'लोखंड लोखंडाला घासेल' ही भीती असते, ती खोटी नाही, पण तिच्यावर स्वस्त उपाय आहे. पितळेची किंवा कडक प्लास्टिकची एक छोटी भोकाची टोपी नळीच्या तोंडावर बसवायची आणि गज तिच्यातून घालायचा. गज नळीच्या मध्यावर चालतो, कडेला लागत नाही. अशी टोपी कुठलाही लेथवाला मापावर करून देईल. पितळेचा गज नळीला सौम्य असतो, पण बारीक असेल तर वाकतो आणि वाकलेला राहतो. तो घ्यायचा तर जाड घ्यावा.

बांधकामाची सळी हा आपल्याकडचा सर्रास उपाय. कापली, टोक घासलं, झाला गज. त्या सळीच्या अंगावर पीळ असतो, तो नळीच्या तोंडावर कानशीसारखा चालतो. फुकट मिळाली तरी घेऊ नये.

जोडाचे गज, म्हणजे तीन तुकडे एकमेकांत पिळून बसवायचे, पिशवीत मावतात म्हणून आकर्षक वाटतात. पण प्रत्येक जोड ही एक पायरी असते, ती नळीला खरवडते. आणि मोडायचं ठिकाणही तेच. जमेल तिथे एकसंध गज घ्यावा. जाडी नळीत सैल फिरेल एवढी, पण त्यातल्या त्यात जास्त. बारीक काठी दाबाखाली धनुष्यासारखी वाकते. लांबी अशी की टोक तळाला टेकल्यावर मुठीत धरण्याइतका भाग बाहेर राहील. फडकं धरणारं पितळी टोक नुसतं डिंकाने किंवा आटे पाडून बसवलेलं नको. लाकडी गजावर ते आडव्या खिळीने पक्कं केलेलं हवं, नाहीतर ते आत राहतं आणि रिकामा गज हातात येतो. रायफल पुसायची असेल तर मूठ फिरती असावी, म्हणजे फडकं खाचांच्या पिळाबरोबर वळतं.

आणखी एक. गज एक नको, दोन हवेत. नळीखाली राहतो तो शेतावरचा, हलका, बार भरण्यापुरता. घरी पुसायला वेगळा, लांब, एकसंध, स्टीलचा. नळीची झीज बहुतेक पुसतानाच होते, आणि आपण पुसायला मात्र हाताशी असेल ती काठी घेतो. पुसायचं त्याच रात्री. गरम पाण्याने काजळी विरघळते, मग कोरडी फडकी, मग तेल. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना बंदूक पोलिस ठाण्यात जमा करावी लागते. तिथे ती काही आठवडे पडून राहते. त्याआधी ही मेहनत केली नाही, तर परत मिळते तेव्हा आत गंजाचा थर असतो.

चांगला गजही चुकीच्या हातात मोडतो. तो नळीच्या तोंडापासून वीतभर वरच धरायचा आणि थोडा थोडा खाली न्यायचा. लांब धरून एकदम रेटला की वाकतो. तळहात त्याच्या टोकावर कधी ठेवायचा नाही, तोंड नळीवर कधी आणायचं नाही. मामूंनी गज टोकाशी धरून अंगाचा भार टाकला होता. सगळेच तसं करायचे.

गजाचं सगळ्यात मोठं काम मात्र वेगळंच आहे, आणि ते त्याच्या नावातच आहे. गज म्हणजे मोजपट्टी. रिकाम्या नळीत गज घालायचा आणि नळीच्या तोंडाशी जिथे येईल तिथे त्याच्यावर रेघ मारायची. नेहमीचा बार भरल्यावर दुसरी रेघ. आता बंदूक भरलेली की रिकामी, हे कोणाला विचारायला नको. गोळी तळापर्यंत गेली की मध्येच अडली, हेही दिसतं. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फाटू शकते. 'मी कालच रिकामी केली होती' या एका वाक्याने किती घरांत मातम झाला असेल! माणूस विसरतो. रेघ विसरत नाही.

वाजात आपण नेहमी ऐकतो की आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कल करायचं, अशी पैगंबरांची शिकवण आहे. आपल्याकडे बऱ्याचदा दुसरा अर्धा भागच उरतो. उंट मोकळा, भरवसा मोठा. स्वस्तातली काठी, न पुसलेली नळी, आणि वर अल्लाहची मर्जी. मला यात ईमान कमी आणि आळस जास्त दिसतो. आणि हा आळस फक्त आपलाच आहे असंही नाही. मामूंच्या शेजारच्या कुणब्यांच्या घरीही बांधकामाच्या सळीचाच गज होता, आणि तिथे त्याला नशीब म्हणायचे.

मामू गेले. बंदूक रीतसर मामेभावाच्या परवान्यावर आली. गेल्या मे महिन्यात मी गावी गेलो तेव्हा त्याच्यासाठी स्टीलचा एकसंध गज आणि पितळी टोपी घेऊन गेलो. दोघांनी ओटीवर बसून रिकाम्या नळीत गज घातला आणि कानशीने पहिली रेघ मारली. मुमानी आता नीट पाहू शकत नाही. तिने गज हातात मागितला आणि बोटाने ती रेघ चाचपली.

"कितीला पडला?"

मी आकडा सांगितला.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एवढ्यात तर त्यांचा अंगठा वाचला असता."